साडेअकराचा डबा

डॉ. रघुनाथराव झरीकर यांचे पहिले दर्शन मला पाठमोरे झाले. पाच वर्षांपूर्वीची, भाद्रपदातली गोष्ट. वालूरहून बस उशिरा निघाली आणि सेलूला पोहोचेपर्यंत एक वाजायला आला. दवाखान्यात एकही रोगी नव्हता. पांढरा सदरा घातलेले एक उंच गृहस्थ दाराकडे पाठ करून सतरंजी झटकत होते. मला वाटले, कंपाउंडर असतील. मी पदराने गाल झाकून विचारले,

"डॉक्टर हायत का?"

"आहेत. जेवायला बसायलेत." त्यांनी सतरंजी अंथरली आणि वळून पाहिले. "तुमचा डबा आणलाय का?"

"मी दाखवायला आलेय. जेवायला न्हाई."

"काय होतंय?"

"जेवायला बसलं की ही बाजू फुगती. जबड्याखाली. मग आपोआप उतरती."

"मग तर डबा पाहिजेच होता," असे म्हणत त्यांनी कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले आणि खुंटीवरचा आरसा कपाळाला बांधला. तेव्हा कुठे मला उमगले की डॉक्टर ते हेच.

डॉक्टरसाहेबांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरव समितीच्या मंडळींनी "तुम्हीही दोन शब्द लिहा" असा निरोप धाडला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मी मॅट्रिक झालेली घरगृहस्थीतली बाई. विहाराच्या महिला मंडळाचा जमाखर्च लिहिते म्हणून अक्षर बरे आहे, एवढेच. डॉक्टरसाहेबांच्या पदव्या, त्यांची शिबिरे, कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया यांवर जाणकार लोक लिहितीलच. मला जे ठाऊक आहे ते एका खड्यापुरते आहे. पण त्या खड्याच्या निमित्ताने मी त्यांना जितके पाहिले तितके कदाचित त्यांच्या नातलगांनीही पाहिले नसेल, म्हणून लिहायला बसले.

तो खडा माझ्या जिभेखाली होता, हे मला फार उशिरा कळले. त्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला आमच्या विहारात भोजनदान होते. आम्ही बाया पंगतीत बसलो होतो. कैरीच्या लोणच्याची फोड तोंडात घातली आणि उजव्या जबड्याखाली अशी कळ आली की डोळ्यांत पाणीच उभे राहिले. हात लावून पाहते तर लिंबाएवढे टम्म. माझ्या शेजारी शांताबाई बसल्या होत्या. त्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षा, आणि घराला घर लागून असलेल्या.

"अगं चंद्रकले, गालात काय दडवलीस? आमाला बी दे की जरा!"

बाया हसल्या, मीही हसले. मग पलीकडून कुणीतरी आवाज बारीक करून म्हणाले, "गाठ दिसायलीय ती. सुरुवातीला असंच असतंय. आमच्या मावसजावंला..." या वेळी कुणी हसले नाही. उठताना माझ्या ध्यानात आले की समोरच्या बाईने आपल्या लेकराचे ताट हातभर पलीकडे सरकवले होते. कदाचित तिने ते जागेसाठी सरकवले असेल. पण मी पाहिले ते पाहिले.

त्या दिवसापासून मी चारचौघांत जेवायचे सोडले. लग्नाला गेले तर हळद-अक्षता झाली की परत. कुणी ताट वाढायला लागले तर "पोटात बरं न्हाई" म्हणायचे. माझे मालक जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मुलगा प्रवीण पुण्याला कारखान्यात, लेक सासरी. घरी तर मी एकटीच जेवत होते. आता बाहेरही एकटीच झाले. चुलीपुढे ताट घेऊन बसायचे, दाराची कडी लावायची, आणि उजव्या हाताने घास, डाव्या हाताने जबडा दाबून धरायचा. आधी एक दाढ काढून घेतली, ती बिचारी निर्दोष निघाली. कुणी गालगुंड म्हणाले, लेप सांगितला, तोही लावला. जी गोष्ट पंगतीत अर्धी सोडली गेली होती ती मात्र मी कुणाला विचारली नाही. विचारली तर उत्तर मिळेल, याची भीती.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोजचे दूध लिहीत असते. त्याच चौकोनात सुजेची खूण करायला लागले. सूज आली की 'सू', उपोसथ पाळला की 'उ'. आम्ही बौद्ध. पौर्णिमा, अमावास्या, अष्टमीला अष्टशील घेऊन उपोसथ धरायची माझी जुनी सवय, म्हणजे दुपारी बारानंतर अन्न घ्यायचे नाही. महिनाभर खुणा केल्यावर मला दिसले की एरवीच्या दिवशी दोन 'सू' असतात आणि उपोसथाच्या दिवशी एकच. मला साक्षात्कार झाल्यासारखे वाटले. शील पाळले की दुखणे पळते! मग मी उपोसथ वाढवले. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तेव्हा तिन्ही महिने रोज उपोसथ करायचा निश्चय केला. वर आणखी भर म्हणून बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असे माझ्याच मनाने ठरवले. मला हे कुणीही सांगितलेले नव्हते.

या निश्चयाच्या मागे एक कारण होते. ते लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. मालकांच्या तिसऱ्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे स्मृतिदिनाला, प्रवीणला सुट्टी मिळाली नाही. आदल्या दिवशी फोन आला. मी त्याला म्हणाले, "आता येऊच नको. माझ्या मातीला बी येऊ नको." त्याने फोन ठेवला. पंचशीलातले चौथे शील वाणीचे आहे. मी लहानपणापासून ते म्हणत आले आणि पोटच्या लेकराला असे बोलले. त्यानंतर महिन्याभरात जिभेपाशी हे दुखणे आले. मी दोन्हींची सांगड घातली. हे शासन आहे, ते मुकाट भोगायचे, असे मी मनाशी धरले होते. भाद्रपदात अंगात कणकण आली, थुंकीला घाण चव यायला लागली, पाणी गिळताना डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा शांताबाईंनी माझी कडी ठोठावली आणि बसचा रस्ता दाखवला.

तर त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला खुर्चीवर बसवले. मी पिशवीतून गुंडाळलेले कॅलेंडर काढले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवले. आजवर ज्यांना ज्यांना दाखवले ते हसले होते. डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला आणि एकेक पान उलटत बोट फिरवत वाचू लागले. त्यांचा डबा सतरंजीवर निवत होता.

"हे 'सू' म्हणजे सूज. आणि हा 'उ'?"

मी सांगितले. शासनाचेही सांगून टाकले. का सांगितले ते आजही कळत नाही. कदाचित इतक्या महिन्यांत कुणी माझे काही इतके सावकाश वाचले नव्हते.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, तुमची वही माझ्या केसपेपरपेक्षा चांगली आहे. फक्त बेरीज चुकली. उपोसथाला सूज एकदाच, कारण तुम्ही जेवता एकदाच. जेवलात की येते. रोग इथंच लिहिलेला आहे, तुमच्याच अक्षरात." आणि लगेच, "आता काही खाऊन दाखवाल?"

"बारा वाजून गेले, साहेब. उपोसथ हाय."

मला वाटले, आता बोलणी बसणार. डॉक्टर लोकांची उपासतापासावरची बोलणी मी ऐकलेली होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मग मोडायचा नाही. कुंदाताई, लिंबू कापा." कुंदाताई म्हणजे त्यांच्याकडच्या जुन्या सिस्टर. "फोड जिभेला नुसती लावा. गिळू नका. थुंकायला भांडं आहे."

लिंबू लागले आणि सांगावे तसा जबडा फुगला. त्यांनी हातमोजा चढवून एक बोट माझ्या जिभेखाली घातले, दुसऱ्या हाताची बोटे बाहेरून जबड्याखाली धरली, आणि निवडताना डाळीतला खडा चाचपावा तसे हळूहळू मागून पुढे आणत राहिले. एका जागी थांबले. "कुंदाताई, बघा इथं." मग माझेच बोट घेऊन तिथे टेकवले. काहीतरी कणीसारखे टणक लागले.

"हाच. लाळेच्या नळीतला खडा."

"म्हणजे ती गाठ न्हाई? ती... वाईटातली?"

"नाही. फोटो काढू, खात्री करू. पण ही ती नाही."

मी खुर्चीतच रडायला लागले. डॉक्टरसाहेब उठून खिडकीशी गेले आणि बाहेरच्या रस्त्यावर काही महत्त्वाचे चालले आहे असे बघत उभे राहिले. माझे आवरल्यावरच वळले.

मग त्यांनी मला जे समजावले ते मी आजवर पन्नासेक बायांना सांगितले असेल, इथेही सांगते. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी असतात. त्यांची लाळ बारीक नळीतून जिभेखाली येते. लाळ दाट झाली, पाणी कमी पडले, की नळीत क्षार धरायला लागतात आणि त्याचा खडा होतो. खायला बसले, आंबट नुसते दिसले तरी लाळ सुटते. पुढे वाट बंद, म्हणून ग्रंथी फुगते. हळूहळू पाझरली की सूज उतरते. तुंबून राहिली तर पू होतो, ताप येतो. माझे तेच झाले होते.

"तुमच्या हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तसलंच हे," ते म्हणाले. "तिथं क्षार साचतात बाई, पाप साचत नाही. आणि तुम्ही दुपारपासून पाणी बंद करून त्याला खतपाणीच घालायलात. पाण्याला तुमच्यात मनाई आहे का?"

"तसं न्हाई... पर म्या सोडलं."

"मी सांगतो म्हणून पिऊ नका. भंतेजींना विचारून या."

मी विचारले. भंतेजी म्हणाले, "उपासिके, पाणी कुणी बंद केलं तुमचं? औषधालाही मनाई नाही." मला फार ओशाळल्यासारखे झाले. पण डॉक्टरसाहेबांनी माझा धर्म माझ्याच माणसाकडून मला सोडवून दिला, स्वतः त्यात हात घातला नाही, हे मी कधी विसरले नाही.

पू आधी उतरवायला हवा म्हणून आठवडाभर गोळ्या दिल्या. भरपूर पाणी, कोमट शेक, आणि जबड्याखाली मागून पुढे बोटाने चोळायचे. दिवसाआड दाखवायला यायचे. निघताना मी विचारले, "कवा येऊ?"

"जेवायच्या वेळेला. इथं माझ्यासमोर जेवायचं. ग्रंथी भरते किती, उतरते किती, ते मला बघायचंय."

"एक वाजता मला जेवता येत न्हाई, साहेब."

डॉक्टरसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "कुंदाताई, उद्यापासून आपला डबा साडेअकराला."

"साडेअकराला भूक तरी लागती का कुणाला?" कुंदाताई म्हणाल्या.

"लागेल. सवय करा."

चाळीस वर्षे जो दवाखाना एक वाजता जेवत होता तो एका वालूरच्या बाईच्या उपोसथासाठी साडेअकराला जेवायला लागला. रोगी बाहेर बाकावर थांबत. कुणी कुरकुर केली तर डॉक्टरसाहेब आतून म्हणत, "डबा असला तर तुमीबी या आत."

पहिल्या दिवशी मी सतरंजीच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून बसले. पदर गालावर ओढलेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "भिंतीला तपासायला नाही बोलावलं तुम्हाला. इकडं तोंड करा." मी वळले. समोर ते, बाजूला कुंदाताई. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकर, वरण आणि सुधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आठवणीने घातलेली शेंगदाण्याची चटणी. चटणीची एक वाटी वेगळी बांधलेली होती. "काकूंनी तुमच्यासाठी दिलीय," कुंदाताई म्हणाल्या. मी घास घेतला आणि जबडा फुगला. कुणी दचकले नाही, कुणी ताट सरकवले नाही. डॉक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिले, कागदावर काही लिहिले आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "आज बारा मिनिटांत उतरली. परवा बघू." चार महिन्यांनी मी माणसांच्या समोर पूर्ण जेवले. चव काय होती ते मला आठवत नाही. एवढे आठवते की जेवताना मला कुणीतरी, "आणखी घ्या," म्हणाले होते.

दुसऱ्या आठवड्यात खडा चोळून चोळून नळीच्या तोंडाशी आला. जिभेखाली बधिर करायची सुई दिली, तेवढी टोचली. मग लहानसा छेद घेतला. मला काही दिसत नव्हते, नुसती डॉक्टरसाहेबांची भुवई दिसत होती. ती एकदम सैल झाली. चिमट्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळट खडा. त्यांनी तो धुऊन इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून मला दिला. सगळ्यांचे इतके सोपे नसते, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. खडा मागे, ग्रंथीतच अडकलेला असला तर मोठ्या शहरात पाठवावे लागते. तिथे बारीक दुर्बिणीने काढतात, नाहीतर ग्रंथीच काढावी लागते. आणि एक गोष्ट ते प्रत्येक रोग्याला सांगत: जी सूज खाताना येते आणि उतरते ती बहुतेक खड्याची, जी गाठ उतरत नाही, वाढत जाते, दुखो वा न दुखो, तीही लगेच दाखवा. लपवायची दोन्ही नाहीत.

मी ती बाटली विहारात नेली. बायांनी हातोहात फिरवून पाहिली.

"एवढुसा?" शांताबाई म्हणाल्या. "एवढ्याशा डाळीपायी तू आमच्यात जेवायची बंद झालीस व्हय गं?"

"डाळीपायी न्हाई," मी म्हणाले. पुढे काही बोलले नाही. वाणीचे शील मला आता कळू लागले होते.

डॉक्टरसाहेबांच्या मनाचा मोठेपणा सांगायला आणखी एक प्रसंग पुरे. माझ्या मागोमाग दोन वर्षांत कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या तिघी बाया अशाच सुजेच्या आल्या. डॉक्टरसाहेबांनी पाणी प्यायला सांगितले तर एक जण म्हणाली, "साहेब, पाणी प्यालं की जावं लागतंय. जायाला जागा कुठंय तिथं?" दिवसभर त्या तोंड कोरडे ठेवून कापूस निवडत होत्या. डॉक्टरसाहेब दुसऱ्या दिवशी त्या जिनिंगच्या मालकाकडे गेले. ते भांडले की त्यांनी हात जोडले, हे मला ठाऊक नाही, विचारले तर ते म्हणत, "चहा पिऊन आलो." पण महिन्याभरात तिथे बायांसाठी आडोसा उभा राहिला. "पाणी प्या, असं सांगणं सोपं आहे हो," एवढेच ते एकदा बोलले.

माझी सूज गेली. पण खरे सांगायचे तर घरचे ताट एकटेच राहिले. सूज होती तोवर एकटे जेवायला कारण तरी होते. प्रवीणला मी स्वतः फोन करून बोललेले मागे घेतले. तो आता रविवारी फोन करतो, दोनदा येऊनही गेला. पण पुणे लांब आहे आणि त्याचा संसार तिथे आहे. संध्याकाळी भाकर थापताना मी अजूनही एकच थापते.

वर्षावास संपला, आश्विन पौर्णिमा झाली. मी डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "आता तुमची एकची वेळ तुमाला परत." ते म्हणाले, "कुंदाताईंना आता साडेअकराला भूक लागती." आणि मला पुन्हा "महिन्यातून एकदा तपासणीला या, डबा घेऊन," असे बजावले. खडे परत होतात म्हणाले. मी जात राहिले. दर महिन्याला सकाळची बस, सतरंजी, लिंबाची फोड, चटणीची वाटी. तीन वर्षांनी एकदा कुंदाताई माझा केसपेपर शोधत होत्या. तो टेबलावर उघडा पडला होता आणि मी वाचला. पहिल्या पानावर खड्याची सगळी टिपणे. तिसऱ्या महिन्याला लिहिलेले, 'बरे. तपासणीची गरज नाही.' आणि त्याखाली महिन्यामागून महिना एकच ओळ: 'आल्या. जेवल्या. ठीक.'

तेव्हा मला कॅलेंडर आठवले. रोजचे 'पाव लिटर' लिहिलेले ते चौकोन, आणि पुण्यानुमोदनाच्या चौकोनात प्रवीण येणार म्हणून 'एक लिटर' लिहून मी खोडलेले. त्या पहिल्या दिवशी त्या खोडीवर डॉक्टरसाहेबांचे बोट क्षणभर थांबले होते. त्यांनी विचारले काहीच नाही.

गेल्या वर्षी सुधाकाकू गेल्या. डॉक्टरसाहेबांचा हात आता कापतो, म्हणून शस्त्रक्रिया त्यांनी बंद केल्या आहेत. मुलगी परदेशी आहे. दवाखाना दुपारपर्यंतच असतो. काकू गेल्यानंतर दीड महिन्याने कुंदाताईंचा फोन आला.

"बाई, साहेब डबा उघडत न्हाईत. सैपाकवाली बाई देती तसा आणतेत, तसाच घेऊन जातेत. इचारलं तर म्हणतेत, भूक न्हाई. तुमी येताव का?"

माझा महिना भरायला पंधरा दिवस बाकी होते. मी गेले. सतरंजी गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती. डॉक्टरसाहेब खुर्चीत बसून वर्तमानपत्र बघत होते, पान उलटत नव्हते. मी सतरंजी काढली, झटकली, अंथरली.

"बाई, आज कशा काय?"

"तपासणीला."

"तुमची तपासणी कधीच संपली. तुम्हाला माहीत आहे ते. केसपेपर वाचलात तुम्ही, कुंदाताईंनी सांगितलंय मला."

"माझी न्हाई, साहेब."

बाहेर बाकावर एक रोगी खोकत होता. मग डॉक्टरसाहेब उठले, गुडघ्यावर हात टेकून सतरंजीवर बसले, आणि भिंतीकडे तोंड केले. कुंदाताईंनी त्यांचा डबा उघडून पुढे ठेवला. मी बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी वाटीत घातली. काकूंसारखी ती होणार नव्हतीच. थोड्या वेळाने त्यांचे त्यांनीच तोंड इकडे वळवले. डोळे ओले होते. घास घेतला, चावला, आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

"घालू का?"

"नको. ती जास्त घालायची." मग दुसरा घास घेतला.

अर्धी भाकर खाल्ली त्यांनी. त्या दिवशी केसपेपर नव्हता, पण मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहिले: 'गेले. जेवले. ठीक.' आता मी पंधरवड्याला जाते. मधल्या दिवसांत कुंदाताई बसतात, नाहीतर बाकावरच्या रोग्याला आत बोलावतात.

गौरव समारंभाची पत्रिका मला मिळाली आहे. त्यात सकाळी अकरा ते एक सत्कार आणि मनोगते, त्यानंतर स्नेहभोजन असे छापले आहे. समितीच्या सर्व मान्यवरांना माझी हात जोडून एकच विनंती आहे. साडेअकराला माइक बंद करावा. डॉक्टरसाहेबांना मंचावरच्या टेबलाशी, मान्यवरांच्या रांगेत जेवायला बसवू नये. खाली सतरंजी अंथरावी. ज्यांना ज्यांना त्यांनी तपासले, ते त्या दिवशी शेकड्यांनी असतील. कुणीही त्यांच्यासमोर बसावे, मात्र जागा रिकामी ठेवू नये. भाषणे जेवणानंतरही होतील.

डॉक्टरसाहेबांना शंभरी लाभावी, आणि तोवर हात-पाय, दात-डोळे सगळे त्यांच्या कामाचे राहावेत, ही माझी रोजच्या वंदनेत मंगलकामना असते. त्यात मी एक ओळ माझी घालते. त्यांच्या आयुष्यात जितके दिवस बाकी आहेत, तितके दिवस साडेअकराला त्यांच्या समोरच्या ताटाशी कुणीतरी बसलेले असो, आणि "आणखी घ्या" म्हणणारे असो.

— चंद्रकला वाव्हळे, वालूर